चेहरा वंदनाचा, आवाज माझा

आमच्या घरी तीन आठवडे सिनेमा मुक्कामाला होता, असं मी सांगते तेव्हा ऐकणारे हसतात. हसू देत. त्यांना वाटतं नाचगाणी झाली असतील, हिरो आला असेल, सगळं सावदा गाव आमच्या अंगणात लोटलं असेल. लोटलंही, पण दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी पोरं झाडावरून उतरून आपापल्या घरी गेली, कारण या सिनेमात गाणं नव्हतं, मारामारी नव्हती आणि हिरो तर नव्हताच. होत्या फक्त दोन बायका, आणि दोन्ही बायकांचं काम करणारी नटी एकच. एक बाई शहरातून खेड्यात येते, जुन्या बायकांच्या गोष्टी वहीत उतरवून घ्यायला. केळीच्या बागेत एकटी राहणाऱ्या दुसरीकडे उतरते. हळूहळू हिची चाल तिला लागते, तिचं बोलणं हिच्या तोंडी बसतं, लुगडी-साड्या बदलतात, आणि शेवटी दोघींतली एक गाडीत बसून निघून जाते. कोणती गेली ते कळायचं नाही. दिग्दर्शक अविनाशभाऊ धुळ्याचे, पुण्याला सिनेमाचं शिकून आलेले. त्यांनी ही गोष्ट ओट्यावर बसून आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितली तेव्हा आबांनी सुपारी कातरायची थांबवली. "म्हंजे मानसानं तिकीट काढून सिनेमा पाह्यचा, अन् कोन कोन ते शेवटपर्यंत कयायचं नाही?" अविनाशभाऊ म्हणाले, "हा, आबा. तीच तर गंमत शे." आबांनी मान हलवली आणि बाग दिली. धुळ्याला बाजारात त्यांच्या वडिलांशी आबांची जुनी ओळख होती, आणि दारात आलेल्याला नाही म्हणणं आबांना जन्मात जमलं नाही.

मी तेव्हा जळगावला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहून शिकणारी. दिवाळीच्या सुट्टीला घरी आले होते. घर मोठं नव्हतं. पुढे ओटा, मधे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या दारातून थेट दिसणारी बाग. सकाळी विहिरीवरचं इंजिन टकटक सुरू झालं की दिवस उजाडला. घड कापणारे मजूर डोक्यावर चुंबळ ठेवून ओळीनं बाहेर यायचे, त्यांच्या कपड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, जे कुठल्याच साबणानं जात नाहीत. वारा सुटला की वाळलेल्या पानांची अशी सळसळ व्हायची की शेजारी बोललेलं ऐकू येऊ नये. अविनाशभाऊंचा आवाज पकडणारा माणूस त्या सळसळीनं रडकुंडीला आला. आईचं मात्र एका गोष्टीत बरं झालं. दहा-बारा माणसं जेवायला, त्यामुळे दिवसभर चुलीपुढे. वरण-बट्टी, गंगाफळाची भाजी, कळण्याच्या भाकरी, भाजलेल्या वांग्यांचं भरीत. माणसं 'पुरे पुरे' म्हणायची आणि ती वाढत राहायची. दीड वर्षात पहिल्यांदा मी तिला भांड्यांचा आवाज करत काम करताना ऐकलं. त्याआधी आमच्या घरात भांडीसुद्धा हळू ठेवली जायची.

कारण मालू गेली होती. मालू माझी थोरली बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. नरडाण्याकडे दिलेली. माझं बारावीचं वर्ष होतं, त्या दिवाळीला ती आली ती वाळून आली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत ती परतीसाठी अनारशांचा डबा फडक्यात बांधत होती. गाठ मारता मारता म्हणाली, "सिंधे, मले नाही जायचं परत. मह्या तोंडून निघत नाही. तू आईले इचार, मी राहू का. ती राह्य म्हने तर मी राह्यते." मी उठले, स्वयंपाकघरापर्यंत गेले. आई पाठमोरी होती, चिवडा परतत होती. आणि मी तिथेच उभी राहिले. आठवडाभरापूर्वीच आमच्या आत्यानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, थोरली नांदत असेल तरच धाकटीला शिकायला बाहेरगावी पाठवा, नाहीतर लोक दोघींची नावं एकत्र घेतात. मला जळगावला जायचं होतं. दुसरं काही नाही, फक्त जळगावला जायचं होतं. मी तशीच मागे फिरले आणि मालूला सांगितलं, "आई म्हनते, जाय." तिनं विचारलंसुद्धा नाही, आणखी काय म्हणाली म्हणून. दुपारी तिला एसटीवर सोडायला सगळे गेले. मी डोकं दुखतं म्हणून पडून राहिले. होळीच्या आधी निरोप आला की सासरी विहिरीवर पाणी ओढताना पाय घसरला. घसरला की काय, ते त्या घरचं कुणी कधी बोललं नाही आणि आबांनीही विचारलं नाही. जूनमध्ये मी जळगावला गेले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही, याची मला इतकी खात्री होती की तिच्या डोळ्याला डोळा द्यायचं मी हळूहळू सोडूनच दिलं होतं.

आणि अशा घरात आली वंदना, ती दोन्ही बायकांचं काम करणारी नटी. पुण्याची, पंचविशीची, बारीक कापलेले केस, हसली की हिरड्या दिसायच्या. आल्या दिवशी तिनं आईला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "माय, मी आजपासून तुन्ही पोर शे." आई तोंडाला पदर लावून हसत सुटली. अविनाशभाऊंनी तिला त्यांची धुळ्याची बोली शिकवून आणली होती, आणि ती आमच्या सावद्यात चालायची नाही. आम्ही 'शे' म्हणत नाही, आम्ही 'आहे' म्हणतो, बाकी शब्द मात्र आमच्या चालीनं वळवतो. "अरे देवा, हे तर पार धुळ्याकडचं बोलू राह्यली," आई म्हणाली, आणि मला हुकूम झाला की वंदनाला आपलं बोलणं शिकव. मग मी तिची सावली झाले. आता वाटतं, ती माझी झाली होती की मी तिची, हे त्या वेळी विचारायला हवं होतं.

तिला सगळं हवं होतं. मी चुलीपुढे बसताना कोणता गुडघा आधी टेकते, पदर कुठल्या हातानं खोचते, कंटाळले की नाकानं कसा श्वास सोडते. मला स्वतःलाच माहीत नव्हतं की मी असं काही करते. आठवड्याभरात ती माझ्यासारखी चालायला लागली आणि मला चालताना अवघडल्यासारखं व्हायला लागलं. उलट तिचं ते मान तिरकी करून "अगदी!" म्हणणं माझ्या तोंडी बसलं, आबांनी एकदा झापलंच, "काय अगदी अगदी लावलं?" शिवाय अविनाशभाऊंकडे पैशाची बोंब, दुसरी नटी परवडेना. मग युक्ती अशी की खेड्यातल्या बाईचा चेहरा दिसत असेल तेव्हा समोर शहरातली बाई म्हणून कॅमेऱ्याकडे पाठ करून मी बसायचं, आणि शहरातलीचा चेहरा असेल तेव्हा लुगडं नेसून पुन्हा मीच पाठ करायची. म्हणजे त्या सिनेमात मी दोन्ही होते आणि कुणीच नव्हते. लुगडं आईनं दिलं. ट्रंकेतून काढलं, मालूचं, हिरवं. मी हात पुढे केला तर म्हणाली, "तुह्या अंगाले नको ते, त्या पोरीले नेसू दे. तू दुसरं घे." वंदना ते नेसून बागेतून येत होती तेव्हा आई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली, आणि तांदळाचं सूप तिच्या मांडीवरून खाली गेलं. ती बसून दाणे गोळा करत राहिली. मीही वाकले आणि गोळा करायला लागले.

त्याच दुपारी मी वंदनाला सांगितलं. का सांगितलं? बाहेरची होती, जाणार होती, आणि इतके दिवस मी तिला माझं सगळं देतच होते. हात सुटलेलाच होता. बागेतल्या पाटाशी पाय सोडून बसलो होतो. मी बोलत गेले आणि ती माझ्याकडे बघत होती. डोळे भरून आले होते तिचे, खोटं नाही सांगत. पण तेव्हासुद्धा माझ्या लक्षात आलं की माझ्या खालच्या ओठाची कड थरथरत होती आणि तिचीही थरथरायला लागली होती, अगदी त्याच जागी. ती म्हणाली, "सिंधू, किती दिवस हे एकटीनं वाहिलंस गं." मला रडू फुटलं. तोपर्यंत मला कुणी असं म्हटलंच नव्हतं.

चार दिवसांनी तेच सगळं कॅमेऱ्यासमोर झालं. अविनाशभाऊंच्या कागदावर त्या जागी नुसतं लिहिलेलं होतं की खेड्यातली बाई आपलं दुःख सांगते. कोणतं दुःख, ते नटीवर सोडलेलं. मी शहरातलीच्या साडीत पाठ करून बसले होते. वंदना माझ्याकडे बघून बोलायला लागली. थोरली बहीण, परतीचा डबा, आईला विचार, मी विचारलंच नाही. माझ्याच गुडघ्यावर माझाच हात ठेवावा तशी ती बसली होती. मी उठले असते, ओरडले असते, तर रीळ वाया गेलं असतं, एवढंच मला सुचलं. बघा माणसाचं डोकं कसं चालतं! संपल्यावर अविनाशभाऊंनी डोळे पुसले. मी वंदनाला केळीच्या ओळीआड ओढलं. "ते माझं होतं," म्हटलं. ती खरोखर गोंधळली. म्हणाली, "पण या बाईच्या आत तूच तर आहेस. मला वाटलं, तुला हलकं वाटेल." तिच्यावर मला फार राग आला, आणि आजही येतो, पण एक कबूल करायला हवं. हलकं वाटलं होतं. तिच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदा मला त्या पोरीची कीव आली होती, जी स्वयंपाकघराच्या दारातून मागे फिरली.

तरी ते तिथेच थांबलं असतं. पण बोली काही वंदनाला शेवटपर्यंत नीट आली नाही आणि पानांच्या सळसळीत अर्धं ऐकूच येत नव्हतं. म्हणून ठरलं की खेड्यातल्या बाईचं सगळं बोलणं नंतर नव्यानं भरायचं आणि ते मी भरायचं. जळगावला एका कापसाच्या जिनिंगच्या गोदामात त्यांनी सोय केली. एक खिडकी सोडून चारी बाजूंनी रुईच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या, आत टाचणी पडली तरी घुमणार नाही. प्रोजेक्टर बाहेर व्हरांड्यात, त्याची घरघर येऊ नये म्हणून, आणि चित्र खिडकीच्या काचेतून आत गाठींवर टांगलेल्या चादरीवर. कॉलेज सुटलं की मी जायची. वंदनाचे ओठ हलायचे आणि नेमक्या त्या क्षणी मी बोलायचं. आठ दिवसांत मला असं जमलं की तिचे ओठ हलण्याआधी माझ्या घशात शब्द यायचे. मग ते दृश्य आलं. मी नाही म्हणू शकले असते. अविनाशभाऊंना एवढंच म्हटलं, "हे काढलं तर नाही का चालणार?" ते म्हणाले, "सिंधूताई, हे काढलं तर सिनेमात उरतं काय?" मी उभी राहिले आणि बोलले. एकाच दमात, एकाही चुकीविना. माझ्या मूर्खपणाचा हिशोब असा होता: चेहरा माझा नाही, नाव माझं नाही, मग बोलणं माझं कसं? सिनेमा म्हणजे डोळ्यांनी बघायची गोष्ट, एवढंच आम्हा खेड्यातल्यांना ठाऊक. बाहेर येऊन मी गरम भजी खाल्ली. भूक लागली होती.

पुढच्या हिवाळ्यात जळगावच्या एका टॉकीजमध्ये रविवारी सकाळी खेळ लागला. मी आईला म्हटलं, तू नको येऊस, तुला नाही कळायचा, कंटाळशील. "कयो नाही तर न कयो," ती म्हणाली, "मह्या घरच्या चुली तरी दिसतील." जरीकाठी नेसून, आबांना घेऊन, सकाळच्या पहिल्या एसटीनं आली. अंधार झाला, पडद्यावर आमची बाग आली, वंदना आली आणि तिनं तोंड उघडलं. आईनं माझ्या मांडीवर चापट मारली. "अवो बाई, हे तर तू!" पलीकडे कुणी अनोळखी बाई बसली होती, तिला वाकून सांगितलं, "आवाज मह्या पोरीचा आहे, बरं का." नंतर मी कितीदा मनात म्हटलं आहे, ती इतकी आनंदली नसती तर बरं झालं असतं. कारण तिला गोष्टीशी काही देणंघेणं नव्हतं. कोण कुठली बाई ते ती बघतच नव्हती. ती डोळे अर्धे मिटून नुसता माझा आवाज ऐकत होती, शब्दन् शब्द. आणि तो आवाज सांगत गेला. 'थोरली म्हने, आईले इचार, मी राहू का. अनारशांचा डबा बांधत व्हती. मी चुलीपाशी गेली अन् न इचारताच माघारी आली. तिले सांगितलं, आई म्हनते, जाय.'

आईचा हात माझ्या मांडीवरच होता. तो तिनं काढला नाही. दाबलाही नाही. फक्त तसाच राहिला, आणि मला त्याचं वजन कळायला लागलं. अनारशे तिनंच केले होते. सिनेमा पुढे चालू राहिला, बायकांनी साड्या बदलल्या, शेवटी एक गाडीत बसली. दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, अविनाशभाऊ येऊन आईच्या पाया पडले. ती म्हणाली, "चांगला झाला हो सिनेमा." आबांना काहीच कळलं नव्हतं, ते बाहेर येताना विचारत होते, "मंग गेली कोनती?"

मी वसतिगृहावर न जाता त्यांच्याबरोबर सावद्याच्या एसटीत बसले. का बसले ते ठाऊक नाही. तिला माझ्या नजरेआड जाऊ देण्याची भीती वाटली. पूर्ण रस्ता ती खिडकीतून बाहेर बघत होती. सावद्याला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. तिनं आबांना सांगितलं, "तुम्ही व्हा पुढं, गुरांचं पाहा." ते गेले. ती स्टँडावरच्या सिमेंटच्या बाकावर बसली आणि मी तिच्यापुढे उभी राहिले, शाळेत राहतात तशी. मी म्हटलं, "आई, मार मला." ती म्हणाली, "मारून काय व्हईल." एक गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली.

"अठीच," ती समोर हात करून म्हणाली. "त्या दिवशी मालूचा एक पाय एसटीच्या पायरीवर अन् एक खाली. मले म्हने, आई, जाऊ ना मी? मी म्हटलं, जाय. पुन्हा म्हने, जाऊ ना? मी म्हटलं, जाय वं माय, जागा भेटनार नाही मंग. तीनदा इचारलं तिनं. मले वाटलं, मायेपायी इचारते. तीन वर्सं झाली, मी तेच धरून बसली व्हती, का जाताना मही पोर मले सोडत नव्हती." तिचा आवाज फाटला. "अन् ती मले खरंच इचारत व्हती."

मी माझं पाप एकटीचं समजत होते. आता कळलं की मी मालूला खोटं सांगितलं आणि आईच्या तोंडूनही तेच तीनदा वदवून घेतलं, आईला न कळू देता. आणि वर, आईपाशी मालूची जी एक गोड आठवण उरली होती, तीही मी काढून घेतली. याला माफी नाही. मी मागितलीही नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

आई उठली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "बस इकडं." मी बसले. ती समोर रस्त्याकडे बघत होती. म्हणाली, "तिनं तुले जे इचाराले सांगितलं व्हतं ना, ते इचार मले."

"आई—"

"इचार."

माझ्या तोंडून कोणाचा आवाज आला मला सांगता येणार नाही. तो वंदनाचा नव्हता, आणि माझा तर नक्कीच नव्हता. मी म्हटलं, "आई, मले नाही जायचं परत. मी राहू का?"

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझा हात मात्र तिनं दोन्ही हातांनी आपल्या मांडीवर घट्ट धरला.

"राह्य माय," ती म्हणाली. "राह्य. कुठी नको जाऊ."